आत भी आहे

माघ सरत आला की माझ्या नाकाला ओल्या गाळाचा वास येऊ लागतो. आता बदलापुरात, खरवईच्या अंगाला तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला गाळाचा वास कुठून येणार? खालच्या गिरणीतल्या पिठाचा येतो, शेजारच्यांच्या फोडणीचा येतो. पण पहाटेच्या थंडीतला बोचरेपणा गेला, दुपार जरा पिवळी दिसायला लागली, की हा वास येतो म्हणजे येतोच. सून म्हणते, "आई, तुम्हाला भास होतात." होऊ देत की! या वयात भास व्हायचे नाहीत तर काय पाळणे हलवायचे?

काल सुनेबरोबर खाली उतरले तर भाजीवाल्याच्या हातगाडीवर ती दिसली. गाळानं माखलेली, मनगटाएवढी, पेरापेरानं लांब वाढलेली. मी हातात घेऊन हुंगली. भाजीवाला म्हणाला, "कमलककडी है, आजी." मी म्हटलं, "तुझी असेल कमलककडी. हिला भी म्हणतात." तो म्हणाला, "भी? भी क्या?" आणि मला भर रस्त्यात असं हसू फुटलं की बिचाऱ्यानं पिशवी माझ्या हातात देताना सुनेकडे काळजीनं पाहिलं. त्याला काय सांगणार? नेमका हाच प्रश्न मी एका बाईला विचारला होता, आणि त्याच्या उत्तरानं एक अख्खं गाव घाबरून बसलं होतं.

तेव्हा मी नवी सून होते. माझं माहेर कल्याणचं, सातवी पास, वर राष्ट्रभाषेची, म्हणजे हिंदीची, पहिली परीक्षा दिलेली. त्यामुळे सासरी माझा मोठा दबदबा, निदान माझी तरी तशी समजूत. सासर कल्याण आणि अंबरनाथच्या मध्ये, छावणीच्या कुंपणाला लागून. गावाचं नाव सांगून आता उपयोग नाही, तिथे आता सेक्शन आहेत आणि दुकानं आहेत. लढाईच्या दिवसांत लष्करानं छावणीसाठी शेतं घेतली, त्यात सासऱ्यांची चांगली भाताची खाचरं गेली. लढाई संपली, सोल्जर गेले, बराकी राहिल्या. आज ना उद्या जमीन परत मिळेल म्हणून गाव डोळे लावून बसलं, तर त्या बराकींत माणसं येऊन उतरली. सिंधमधून, आगगाड्यांनी, बोटींनी, ट्रंका आणि पोरं आणि म्हातारी घेऊन.

माझी सासू, तिला आम्ही सगळ्या आत्याबाय म्हणायचो, कॅम्पाकडे पाठ करून धुणं वाळत घालायची. उंच, काळीसावळी, नाकात मोरणी, आवाज असा की पलीकडच्या शेतातली गाय मान वर करील. "माझ्या खाचरावर चुली मांडल्यान," म्हणायची. संध्याकाळी कॅम्पातून धूर उठायचा तेव्हा दार लोटून घ्यायची. ती माणसं काही हौसेनं आली नव्हती, हे मला कळत होतं. पण ज्याचं शेत गेलंय त्याला ते कसं सांगायचं?

धुराखेरीज त्या दिवसांचं मला आठवतं ते वालाचं शेत. भात कापून झाल्यावर उरल्यासुरल्या ओलीवर वाल पेरलेला असायचा. सकाळी त्याच्या पांढऱ्या फुलांवर दव, पायांवर दव, लुगड्याचा काठ भिजून जड झालेला. धुकं असं की समोरचा माणूस आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. आणि त्या धुक्याच्या मधोमध आमचं तळं.

तळं कमळांचं. एका काठाला महादेवाचं लहानसं देऊळ, दुसऱ्या काठाला उंबर. थंडीत पानं करपून तपकिरी व्हायची, वाळलेल्या शेंगांच्या माना पाण्यात झुकायच्या आणि पाणी उतरू लागलं की तो वास सुटायचा. मला ते तळं फार आवडायचं. पण आवडतं असं बोलायची सोय नव्हती. आत्याबायची थोरली मुलगी, यशी, त्यातच गेली होती, माझ्या लग्नाच्या आधी. कमळ काढायला वाकली आणि परत वर आली नाही. गाव म्हणालं, साती आसरांनी नेली. पाण्यात राहणाऱ्या त्या सात बहिणी, त्यांना पोरगी आवडली, नेली. तेव्हापासून आत्याबायनं त्या पाण्याला पाय लावला नव्हता. हंडे भरायचे ते विहिरीवर, तळ्याच्या कडेनं जाताना पदर डोक्यावर घ्यायचा आणि नजर वाटेवर ठेवायची.

अशात एके दिवशी पार्पती आली. पार्वती नव्हे, पार्पती. ती स्वतः तसंच म्हणायची. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी, गोरी, उन्हानं रापलेली, सलवार-कुडत्यावर ओढणी, डोक्यावर पापडांची टोपली. कॅम्पात बायकांच्या हाताला काम हवं म्हणून पापडाचे वर्ग निघाले होते, शिवणाचे निघाले होते. योजना आखणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता हो, फक्त एक राहून गेलं. जिकडे बघावं तिकडे बाजेवर पापड, दोरीवर पापड, बराकीच्या पायरीवर पापड. सगळेच लाटणारे, घेणारं कोण? म्हणून पार्पती टोपली घेऊन कुंपणाबाहेर पडली होती. घरात म्हातारी सासू, दोन मुली, नवरा कराचीच्या धक्क्यावर मागे राहिलेला. शिमग्यानंतर फुकटचं रेशन बंद होणार असं कॅम्पात सांगून झालं होतं. हे तिनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं, हातवारे करत, अर्धं हिंदीत, अर्धं सिंधीत. मला ती 'अदी' म्हणाली, म्हणजे ताई. आत्याबायनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

पण वाट एकच होती. आम्ही विहिरीवरून हंडे घेऊन निघालो, ती मागोमाग. तळ्यापाशी आलो आणि ती थबकली. डोक्यावरची टोपली तिनं हळूच खाली ठेवली. करपलेली पानं, झुकलेल्या शेंगा, उघडा पडलेला गाळ, सगळं डोळे भरून पाहिलं आणि बोट दाखवून ओरडली, "भी!"

आत्याबायच्या डोक्यावरचा हंडा डचमळला.

आता आमच्या गावात भीतीला कुणी भीती म्हणत नसे. 'मना भी वाटतं' म्हणत. पोराला दटावताना 'देवाला भी जरा' म्हणत. तेव्हा आत्याबायनं काय ऐकलं ते सांगायला नको.

"काय बोलतं गो ती?" तिनं मला विचारलं. आवाज एकदम बसलेला.

पार्पतीनं माझा दंड धरला. "अदी, अंदर भी है?"

मी राष्ट्रभाषेची पहिली परीक्षा पास! तात्काळ भाषांतर केलं. "आत्याबाय, ती विचारते, आत पण आहे का?"

"काय आत पन हाय का?"

"ते नाही बोलली." मग मी पार्पतीला विचारलं, "अंदर भी क्या है?"

"हां!" ती आनंदानं म्हणाली. "अंदर भी है! बहुत भी है!"

मी गोंधळून उभी. आत्याबायनं मात्र हंडा उतरवून खाली ठेवला. "तुला नाय कळायचा," ती मला म्हणाली. "ती तुझी हिंदी नाय बोलत. ती बोलतं, आत भी हाय. लई भी हाय." आणि पार्पतीकडे असं पाहिलं, जसं देवळात पाहावं. "तिला दिसली."

दुपारपर्यंत ही बातमी गावभर. कॅम्पातल्या बाईला तळ्यात काहीतरी दिसलं. ज्या बायांना कॅम्पवाल्यांचं तोंड बघायचं नव्हतं, त्या कुजबुजायला लागल्या की ती साधी बाई नव्हे, तिला आतलं दिसतं. पोरांना तळ्याकडे फिरकायची बंदी झाली. पोलीस पाटलांनी म्हशी दुसऱ्या डबक्यावर नेल्या. हसू नका, आपण तरी काय काय ऐकून घाबरतो!

दुसऱ्या दिवशी आत्याबायनं मला हाताशी घेतलं आणि पार्पतीची ओटी भरायला काढली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. तांदूळ म्हणजे घरातल्या कणगीच्या तळाचे, माझ्या डोळ्यांसमोर खरवडून काढलेले. उंबराखाली पार्पतीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, तिच्या ओढणीत ओटी घातली. तिच्या पायांवर पाणी घालताना आत्याबाय पुटपुटत होती, "माझ्या पोरीला सुखात ठेवा म्हनावं त्यांना."

पार्पतीला अक्षर कळलं नाही. पण ओंजळभर तांदूळ आणि नारळ पदरात पडल्यावर माणसाला कळायचं ते कळतं. तिचे डोळे भरून आले. तिनं तळ्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे. "पक्का?"

"पक्का," आत्याबाय म्हणाली.

दोघींनी माना डोलावल्या. दोघी समाधानानं आपापल्या घरी गेल्या. एकीला वाटलं, आसरांना निरोप पोचला. दुसरीला वाटलं, तळं खणायची परवानगी मिळाली.

त्यानंतरची सकाळ माझ्या आयुष्यात कितीदा उजाडली असेल! स्वप्नात उजाडते, दुपारी डोळा लागला तर उजाडते, काल हातगाडीपाशी उजाडली. धुकं तळ्यावर टेकलेलं. मी आणि आत्याबाय वालाच्या शेंगा तोडायला निघालेल्या. कुठूनतरी पाण्याचा आवाज येतो, चुबुक, चुबुक. आत्याबाय थांबते. धुकं थोडं हलतं आणि दिसतं की कमळांच्या पानांमध्ये, छातीएवढ्या पाण्यात, पार्पती उभी आहे. ओढणी कमरेला बांधलेली, तोंड वर केलेलं, डोळे मिटलेले. पायाच्या अंगठ्यानं ती गाळात काहीतरी चाचपते आहे.

"बाहेर ये गो!" आत्याबाय ओरडली. "बाहेर ये, बये! नेतील तुला!"

पार्पतीनं डोळे उघडले, आमच्याकडे पाहून हसली, काहीतरी म्हणाली. एक पाऊल पुढे टाकलं. आणि पाण्याखाली गेली.

पाणी मिटलं. एक पान हललं आणि थांबलं.

मी काठावर उभीच राहिले, माझ्या हातून शेंगांची टोपली पडली एवढंच मला आठवतं. आत्याबाय थांबली नाही. जिनं इतकी वर्षं त्या पाण्याकडे नजर टाकली नव्हती, ती लुगड्यासकट आत घुसली. पानं फाडत, देठ तोडत, "यशी! यशी गो!" करत. तिला कळतही नसावं की ती कुणाला हाक मारते आहे. हात खाली घातला, मुठीत जे आलं ते धरलं आणि ओढलं. पार्पतीची वेणी होती ती.

पार्पती वर आली. डोक्यापासून गाळानं लडबडलेली, तोंडातून पाणी टाकत, धापा टाकत. आणि हातात ते लांब, गाळकट मूळ घट्ट धरलेलं. आत्याबायच्या तोंडासमोर नेऊन ती कशीबशी म्हणाली, "भी!"

आत्याबाय त्या मुळाकडे बघत राहिली.

पार्पतीनं ते पाण्यात खळबळून धुतलं. गाळ गेला आणि आत पांढरंशुभ्र निघालं. मोडून दाखवलं, तर आत भोकंच भोकं, बारीक जाळी केल्यासारखी. "भी," ती पुन्हा म्हणाली, आणि तोंडाकडे हात नेऊन खायची खूण केली.

"ही भी?" आत्याबायनं विचारलं.

"भी."

"खायाची?"

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला, राष्ट्रभाषेचं राष्ट्रभाषेपाशी राहिलं. पण मी सांगायच्या आधीच आत्याबायला कळलं होतं. ती पाण्यात उभ्या उभ्याच हसायला लागली. आधी नुसती हसली, मग हसता हसता रडायला लागली, मग तिचं तिलाच काय चाललंय ते कळेना. पार्पती बिचारी घाबरून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. दोघींच्या भोवती धुकं, आणि मी काठावर बसून पडलेल्या शेंगा गोळा करत होते.

त्याच दिवशी आमच्या अंगणात ती भी शिजली. पार्पतीनं मडकं मागितलं, तळाशी पाणी, मीठ, वरून झाकण, मंद आच. दुपार होईस्तोवर अंगणभर वास. वर तिखटमीठ, आंबट म्हणून आमच्या घरची आमसुलं. आत्याबायनं पहिला तुकडा घेतला. दातांनी तोडला तर मधून रेशमासारखे तंतू निघाले, तुटता तुटेनात. खाऊन झाल्यावर पदरानं बोटं पुसत ती म्हणाली, "खाल्ली बाय मी भी. आता राहिली नाय."

तरी गावाला समजवायचं होतंच. उंबराखाली बैठक बसली. पोलीस पाटील तापलेले. "शेतं गेली, आता तळं पन द्यायचं काय?" त्यांचंही चुकीचं नव्हतं हो. ज्याच्या घरात पावसाळ्याआधी कणगीचा तळ दिसतो, त्याला पाहुणा म्हणजे खाणारं तोंडच दिसतं. बायांनी बैठकीत बोलायची रीत नव्हती. पण आत्याबायला रीत कोण शिकवणार? पार्पतीला शेजारी घेऊन ती उंबराच्या मुळीवर बसूनच बोलली.

"शेतं हिनं घेतली काय, पाटील? हिचं पन मागं गेलंच हाय. तळं काय कुनी टोपलीत घालून नेत नाय. नीट ऐका."

आणि तिनं सांगितलं ते मी आजही सांगू शकेन. देवळाकडचा भाग कमळांचा, तिथे हात लावायचा नाही, देवाला फुलं कमी पडता कामा नयेत. उरलेल्याचा एक अर्धा यंदा खणायचा, दुसरा पुढल्या वर्षी. मूळ ओढताना एक पेर आत ठेवायचं, म्हणजे पुढच्या वर्षाचं खाणं जागेवर राहतं. ज्यांची खाचरं गेली त्या घरांतल्या गड्यांनी खणायचं, कॅम्पातल्या बायांनी धुवायची, विकायची. निम्मं त्यांचं, निम्मं आपलं. "आनि त्याच टोपलीत आपला वाल पन जाऊ दे. कल्यानला पाय तोडत कशाला जायचं? खानारी मानसं कुंपनापलीकडंच हायेत."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "यंदाच्या साली करून बघू," म्हणाले. पाटील असं म्हणाले की झालं समजायचं.

शिमगा सरला, रेशन बंद झालं. त्या दिवशी पार्पती कॅम्पाच्या तोंडाशी मडकं घेऊन बसली. घर सोडल्यापासून ज्यांच्या जिभेवर भी पडली नव्हती, ती माणसं वासानं बाहेर आली. एक म्हातारा तिथेच उकिडवा बसून खात होता आणि संपलं की पुन्हा हात पुढे करत होता. मडकं रिकामं झालं. पार्पतीच्या मुलींना शाळेत घालायचं त्या वर्षीच ठरलं. आणि त्या उन्हाळ्यात आमच्या कणगीचा तळ पुन्हा दिसला नाही. आत्याबाय संध्याकाळी दार उघडं ठेवायला लागली.

यशीची गोष्ट पार्पतीला कळली ती पुढे, तिला आमची भाषा आल्यावर.  त्यानंतरच्या माघापासून रीत पडली. खणायला सुरुवात झाली की पहिली निघालेली भी ती धुवायची, हळदकुंकू लावायची आणि पाण्यात परत सोडायची. म्हणायची, "यशीची."

माणसांना काय काय एकत्र बांधतं, मला अजून नीटसं उमगलेलं नाही. लोक म्हणतात माया, लोक म्हणतात गरज. आमच्या बाबतीत आधी गैरसमज होता, एवढं मी छातीठोक सांगते. एकमेकींचं धड कळलं असतं तर ओटी भरली गेली नसती आणि पार्पती पाण्यात उतरली नसती. कदाचित थोडं कमी कळणंच बरं असतं सुरुवातीला.

तळं आता नाही. बुजलं, वर इमारती झाल्या, त्यातल्या एकीच्या गच्चीवर कुणी कुंडीत कमळ लावलंय असं नातू सांगतो. पार्पतीची पुढे कॅम्प एकमध्ये भाजीची पेढी झाली. आत्याबाय थकली तरी दर माघात मला घेऊन तिथे जायची. पार्पती गल्ल्यावरून उठून यायची, स्टुलावर बसवायची, चहा मागवायची, आणि निघताना आत्याबायच्या पदरात भी घालून ओटी भरायची. दोघी म्हाताऱ्या मग जुनं उकरून काढत बसायच्या आणि मी मध्येच हिंदी बोलले की मला चिडवायच्या.

त्यातल्या एका भेटीत, ती शेवटची असेल हे आम्हाला माहीत नव्हतं, आत्याबाय सहज म्हणाली, "बाय, तू तेव्हा बुडी काय मारलीस गो! माझा जीव गेलता."

पार्पतीनं चहाची बशी खाली ठेवली. रस्त्यावर सामानाच्या हातगाड्यांचा गोंगाट चालला होता.

"बुडी कुठली, आत्या," ती म्हणाली. "पाय घसरला होता. मला पोहता कुठं येतं? बोटीतून आले तेव्हा सगळा वेळ डोळे मिटून बसले होते. हाताला लागलं ते धरलं, ते मूळ निघालं. तुम्ही ओढलं नसतं तर गेले असते."

आत्याबायचा हात पुढे आला आणि त्यानं पार्पतीचं मनगट धरलं, घट्ट, पाण्यातून ओढताना धरावं तसं.  

"मंग इतकी वर्सं मना सांगितलं का नाय तू?"

"सांगितलं की," पार्पती म्हणाली. "वर आल्या आल्या पहिलं तेच सांगितलं. भी."